हात काळे नव्हते म्हणून

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेले आहे. गोडगोड ऐकायच्या आशेने कुणी बसले असेल तर त्याने खुशाल उठून जावे. मी हात धुवायचे बेसिन आहे. पांढरे, जुने, कडेला थोडे झिजलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराच्या मागच्या गॅलरीत मी भिंतीला धरून उभे आहे, आणि या घरात जे घडले ते माझ्या डोळ्यांदेखत घडले. मला पाय असते तर मी मध्ये पडले असते. तोंड आहे, पण ते नुसतेच उघडे. त्यातून पाणी जाते, शब्द फुटत नाही. तरी आज बोलणार आहे, कारण आता गप्प बसवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. दुधासारखी पातळ माती साच्यात ओतली, ती आळली, सुकली, मग तिच्यावर चकाकीचा लेप चढवून मला भट्टीत घातले. भट्टीतून बाहेर आले तेव्हा तपासणीच्या बाईंनी माझ्या कडेवरून तळवा फिरवला आणि तोंड वाकडे केले. "तीळ आहे याला," त्या म्हणाल्या. माझ्या उजव्या कडेवर एक बारीक काळा ठिपका राहून गेला होता. एवढ्यावरून माझी गणती दोन नंबरच्या मालात झाली. दुकानातही मला तोंड भिंतीकडे करून जिन्याखाली ठेवले होते. गिऱ्हाइके येत, गुलाबी, निळ्या बेसिनांना बोट लावून बघत आणि निघून जात.

मला घरी आणले ते एका लिफ्टवाल्याने. म्हणजे तो लिफ्ट चालवत नाही, दुरुस्त करतो. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या खड्ड्यांत उतरायचे, तारेच्या दोरांना वंगण लावायचे, रुळांवरचे जुने ग्रीस खरवडायचे, हे त्याचे काम. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मी तिला चष्मेवालीच म्हणते. तीच दुकानदाराला म्हणाली होती, "तीळ असू दे. आमच्याकडे येणाऱ्या हातांपुढे तो दिसायचासुद्धा नाही."

आणि खरेच, काय ते हात! संध्याकाळी लिफ्टवाला घरी आला की कोपरापर्यंत काळा असे. दाराच्या कडीला हात लावायची त्याला बंदी होती. तो कोपराने दार ढकलून सरळ माझ्याकडे येई. कपडे धुवायची पावडर, जुना टूथब्रश, मग अंगाचा साबण. नखे, बोटांच्या बेचक्या, मनगटे, सगळे घासघासून काढी. माझ्यातून काळे पाणी वाहायचे आणि हळूहळू ते निवळायचे. मग दोन्ही हात बायकोपुढे नाचवून तो म्हणे, "बघ, नवरदेवाचे हात."

"नवरदेवाची ढेरीपण बघितली असती आधी तर बरं झालं असतं," ती म्हणे.

जाता जाता तो माझ्या कडेवर थाप मारी. "या घरात माझं मुकाट ऐकून घेणारं हे एकटंच," असे म्हणून हसे. ते माझे खरे दिवस होते. मला राग कसला तो ठाऊकच नव्हता.

मग टिल्ली जन्मली. तिचे खरे नाव काही वेगळे आहे, पण जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून टिल्ली, ती आता चांगली चौथीत गेली तरी टिल्लीच. चष्मेवाली तिला स्टुलावर उभी करी, मागून तिचे हात आपल्या हातांत धरी आणि फेस काढायला शिकवी. बोटांच्या मधे, अंगठ्याभोवती, नखांच्या खाली. टिल्ली एकदा म्हणाली, "आई, जंतू रडत असतील का गं?"

"रडू देत. त्यांना आपण बोलावलं होतं का?"

टिल्ली इतकी हसली की स्टुलावरून घसरली. असे ते घर होते. हे मुद्दाम सांगते आहे. ही माणसे घाणेरडी नव्हती, अडाणी नव्हती. त्यांना सगळे माहीत होते. म्हणून तर माझा संताप होतो!

पुढे आतली मोरी पाडून तिथे टाइल्सचे न्हाणीघर झाले आणि त्यात एक नवे बेसिन बसले. अंडाकृती, वर आरसा, चकचकीत नळ. माझ्याकडे फरशी पुसायची फडकी आली, रंगाचे ब्रश आले. त्याचेही मला वाईट वाटले नाही. काम ते काम. पण माझ्या नळाचा वायसर झिजला, पाणी टपकू लागले, आणि लिफ्टवाल्याने खालचा कॉक बंद करून टाकला. "रविवारी वायसर बदलतो," तो म्हणाला. किती रविवार आले आणि गेले! गावातल्या सगळ्या लिफ्टा वरखाली करणाऱ्या या माणसाला घरातला रबराचा एवढासा तुकडा बदलायला सवड झाली नाही. मग माझ्यात वस्तू जमू लागल्या. तुटक्या चपला, रद्दी, रिकाम्या बाटल्या. हात धुवायच्या जागेचे अडगळीचे टोपले झाले.

त्याच सुमारास घरात दुसरे बाळ आले. हा गुटगुटीत, बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यासारखा, म्हणून त्याचे नाव पडले गठ्ठू. गठ्ठू रांगायला लागला आणि एके दिवशी लिफ्टवाला कामावरून एक खोके घेऊन आला. ज्या इमारतीत काम चालले होते तिथल्या एका बाई घर सोडून दूर चालल्या होत्या. त्यांना आपले प्राणी बरोबर नेता येत नव्हते.

"लिफ्ट झाली का चालू?" चष्मेवालीने विचारले.

"झाली. आणि हे मिळालं."

खोक्यात दोन गिनीपिग होते. सख्खे भाऊ. एकाचे केस इतके लांब की तो चालला की फरशी झाडली जाई. टिल्लीने त्याचे नाव ठेवले झाडू. दुसरा तपकिरी, गोल, मातीतून नुकता उपटल्यासारखा. तो झाला बटाटा. त्यांचा पिंजरा माझ्या अगदी समोर, गॅलरीच्या खिडकीखाली मांडला गेला.

मित्रांनो, मी पुष्कळ जीव पाहिले आहेत, पण इतके निरुपद्रवी दोन जीव पाहिले नाहीत. गवताच्या पिशवीचा खुळखुळ आवाज झाला की दोघे मागच्या पायांवर उभे राहून "कुईं कुईं" करत घर डोक्यावर घेत. रात्री एकमेकांना चिकटून झोपत. बटाट्याला पाठीवर कुरवाळले की त्याच्या पोटातून घुर्र असा आवाज निघे. त्यांनी कुणाचे काय वाकडे केले होते?

चष्मेवालीने पहिल्याच दिवशी बजावले. "त्यांना हात लावायच्या आधी हात धुवायचे आणि लावून झाल्यावरही धुवायचे. साबणाने. कळलं का टिल्ले? आणि अहो, तुम्हालाही."

"मला काय सांगतेस? माझ्याइतके हात या गावात कोणी धूत नसेल."

सुरुवातीला सगळे शहाण्यासारखे वागले. पण मी बंद होते, आणि आतले बेसिन लांब. गॅलरीतून स्वयंपाकघर, तिथून बोळ, मग न्हाणीघर. तिथे आधीच कुणीतरी आंघोळीला गेलेले असे. मग एकदा राहिले, दुसऱ्यांदा राहिले, आणि मग राहू लागले. टिल्ली फ्रॉकला हात पुसू लागली. आणि या शहाण्या घराने गवताचे पोते कुठे ठेवले माहीत आहे? माझ्यात! पिंजऱ्यापासून दोन हातांवर हात धुवायची जागा, आणि तिच्यात पोते कोंबलेले. ते पोते माझ्या छातीवर ठेवले गेले तेव्हा मी पहिल्यांदा मनातल्या मनात शिवी दिली.

एकदा टिल्ली केळे खाऊन तशीच आली आणि तिने पिंजऱ्यात हात घातला. झाडूला ती बोटे खाऊच वाटली. त्याने कचकन दात लावला. टिल्ली किंचाळली, रडली, "झाडू वाईट आहे" म्हणाली, आणि दिवसभर तिने त्याला बाहेर काढले नाही. झाडू बिचारा कोपऱ्यात तोंड घालून बसला. त्याला कसे कळावे की केळ्याचा वास येतो आहे पण केळे नाही? चूक हाताची, शिक्षा झाडूला. तेव्हाच मला ओळखायला हवे होते की या घरात पुढे काय होणार आहे.

चष्मेवालीही चुकली. पिंजऱ्याखालचा ट्रे ती आधी बाहेरच्या बादलीत धुवायची. एकदा दुकानात माल येणार होता, तिला घाई होती, तेव्हा तिने तो स्वयंपाकघरातल्या भांडी घासायच्या सिंकमध्ये धरला. मला दारातून दिसत होते. बाजूला गठ्ठूची वाटी उपडी घातलेली होती.

पण आता लिफ्टवाल्याचे सांगते. तो संध्याकाळी येई, आतल्या चकचकीत बेसिनात काळे हात धुई, आणि मग गॅलरीत येऊन मोडक्या आरामखुर्चीत पडे. बटाट्याला उचलून छातीवर ठेवी. बटाटा त्याच्या शर्टात नाक खुपसे आणि घुर्र करी. त्या माणसाचे दिवसभराचे आंबलेले खांदे तेव्हा हळूहळू खाली येत. त्याचे प्रेम होते, हे मी नाकारत नाही. ज्या हाताने तो बटाट्याच्या पोटाखाली आधार देई, त्याच हातात बटाट्याच्या लेंड्या पडत. तो त्या झटकून टाकी, विजारीला हात पुसी, संपले.

त्या संध्याकाळी चष्मेवालीला दुकानात उशीर होणार होता. गठ्ठूला दात येत होते. तो किरकिरत रांगत गॅलरीत आला. लिफ्टवाल्याने बटाट्याला पिंजऱ्यात ठेवले आणि गठ्ठूला मांडीवर घेतले. गठ्ठूने त्याचे बोट धरून तोंडात घातले आणि करकर चावायला सुरुवात केली. "चाव लेका, चाव," तो हसून म्हणाला. मग स्वयंपाकघरातून केळे आणले, तिथल्या तिथे बोटांनी कुस्करले आणि घास घास करून त्याला भरवले. टिल्ली पुस्तक घेऊन दारात बसली होती. तिने विचारले, "बाबा, हात?"

त्याने तळवे उलटसुलट करून बघितले. "स्वच्छ तर आहेत गं. बघ, कुठं काही काळं दिसतंय का?"

मला ओरडायचे होते. पोते फेकून द्यायचे होते. नळ फोडून त्या हातांवर पाणी ओतायचे होते. मी नुसते बघत राहिले.

एकदोन दिवसांत गठ्ठूला ताप भरला. मग जुलाब सुरू झाले, आणि मग त्यात रक्त दिसले. चष्मेवाली त्याला दुपट्यात गुंडाळून जिना उतरली तेव्हा तो रडतसुद्धा नव्हता. जो गठ्ठू रांगताना गॅलरी दणाणून सोडायचा, त्याची मान तिच्या खांद्यावर कापडासारखी पडली होती.

टिल्लीला सांभाळायला आत्या आली. आत्या म्हणजे लिफ्टवाल्याची थोरली बहीण. स्वभावाने वाईट नाही, पण तिचा हिशेब नेहमी झटपट असतो. इस्पितळातून फोन आला तेव्हा ती माझ्याजवळच उभी होती. गठ्ठूला सलाइन लावले होते. डॉक्टरांनी विचारले होते की घरात प्राणी आहेत का. गिनीपिग आहेत म्हटल्यावर त्यांनी सांगितले की धडधाकट दिसणाऱ्या प्राण्याच्याही लेंडीत असले जंतू असू शकतात, आणि लहान बाळाला ते फार त्रास देतात.

आत्याने फोन ठेवला आणि पिंजऱ्याकडे बघितले. "मी आल्या दिवशीच म्हणणार होते. उंदीर ते उंदीर."

दुपारी लिफ्टवाला आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. आत्या म्हणाली, "आधी हे बाहेर काढ. पोर घरी येईल ते या घाणीत का?" त्याने काही विचारले नाही. खोके काढले. आधी झाडूला घातले, मग बटाट्याला. बटाटा त्याच्या हातात येताच घुर्र करू लागला. मूर्खाला वाटले, संध्याकाळ झाली.

टिल्ली धावत आली. "बाबा, कुठं नेताय? त्यांनी काय केलंय?"

"काय केलंय? तुझा भाऊ तिकडं सुया टोचून पडलाय आणि तू उंदरांसाठी रडतेस?"

"पण त्यांनी काय केलंय?"

त्याने तिला बाजूला सारले आणि तो जिना उतरला. परत आला तेव्हा हात रिकामे होते. "बागेत सोडले झुडपांत," तो आत्याला म्हणाला. "हिरवळ आहे, खातील आणि राहतील." मग तो आत गेला आणि मला नळाचा आवाज ऐकू आला. कितीतरी वेळ तो हात धूत होता. मित्रांनो, ऐका हे. त्या दिवशी त्याने हात धुतले!

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाली कपडे न्यायला घरी आली. गठ्ठूचा ताप उतरायला लागला होता आणि त्याच्याजवळ तिची आई बसली होती. टिल्लीने तिला गॅलरीत ओढत आणले आणि रिकामा पिंजरा दाखवला. चष्मेवालीने हातातली पिशवी खाली ठेवली. लिफ्टवाला दारात उभा होता. तिने आवाज चढवला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"डॉक्टरांनी प्राणी टाकून द्या असं सांगितलं होतं?"

"त्यांच्यामुळंच झालं ना?"

"मी विचारतेय, टाकून द्या म्हणाले होते?"

"नाही."

"काय म्हणाले ते मी सांगते. प्राण्याला हात लावला की साबणाने हात धुवा, म्हणाले. बाळाला भरवण्याआधी धुवा. ते गिनीपिग पिंजऱ्यातून चालत गेले होते का गठ्ठूच्या तोंडापर्यंत?"

तो रिकाम्या पिंजऱ्याकडे बघू लागला.

"केळं कुणी भरवलं?"

"माझे हात स्वच्छ होते," तो म्हणाला.

"काळे नव्हते. स्वच्छ होते असं कोण म्हणालं?" आता तिचा आवाज फुटला. "दुकानात दिवसभर तेच बघते मी. गिऱ्हाईक म्हणतं काच स्वच्छ आहे. दिव्यासमोर धरली की बोटंच बोटं. तुम्ही ग्रीस धुता, कारण ते दिसतं. जे दिसत नाही ते तुम्ही पोराच्या तोंडात घातलंत, आणि राग काढलात त्या मुक्या जिवांवर!"

"अगं, तो दमून आलेला," आत्या मध्ये म्हणाली.

"ताई, मीसुद्धा दमले होते. मीसुद्धा तो ट्रे भांड्यांच्या सिंकमध्ये धुतला. काय मिसळलं कुठून, कुणास ठाऊक. पण मी माझा हात कुणाच्या अंगावर पुसत नाही." तिने टिल्लीचे बोट धरले. "चल. कुठल्या बागेत ते विचार बाबांना."

त्या दोघी परतल्या तेव्हा दुपार झाली होती. टिल्लीच्या फ्रॉकच्या पुढच्या भागात काहीतरी गुंडाळलेले होते. तिने ते पिंजऱ्यात ठेवले. झाडू होता. त्याचे लांब केस चिखलाने एकमेकांना चिकटले होते, एक कान फाटला होता, आणि तो थरथर कापत होता. मी दुसऱ्याची वाट बघत राहिले. दुसरा निघाला नाही.

बागेच्या माळ्याने सांगितले होते की पहाटे कुत्री भुंकत होती. झाडू पाण्याच्या पाइपात शिरून बसला म्हणून वाचला. बटाटा गुबगुबीत होता. त्याला पाइपात शिरता आले नसेल. खोक्याजवळ तपकिरी केसांचा एक झुपका तेवढा सापडला. टिल्ली हे सांगत नव्हती, चष्मेवाली सांगत होती. टिल्लीचा आवाज बसला होता. बागभर हाका मारून.

पुढचे दिवस झाडू खाईना. पिशवीचा आवाज झाला की तो सवयीने उभा राही, "कुईं" करी, आणि थांबे. बाजूला बघे. दुसरे "कुईं" येत नसे. मग तो पुन्हा खाली बसे. हे मला रोज बघावे लागले. माझ्या राग धरण्याला कुणाची हरकत असेल तर त्याने येऊन ते एकदा ऐकावे.

गठ्ठू घरी आला. हडकला होता, पण भूक लागली की किंचाळत होता, म्हणजे वाचला होता. त्याला झोपवल्यावर लिफ्टवाला गॅलरीत आला. त्याने माझ्यातले पोते उचलले, चपला काढल्या, रद्दी काढली. खिशातून नवा वायसर काढला. किती वेळ लागला म्हणता? गठ्ठूची दुपारची झोपही पुरी झाली नाही. एवढेसे काम होते ते. कॉक उघडला आणि माझ्यात पाणी आले.

टिल्ली पिंजऱ्याशी बसून झाडूला ढोबळ्या मिरचीचा तुकडा देत होती. झाडू हुंगत होता. लिफ्टवाला तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "टिल्ले, मी बटाट्याला..."

"बोलू नका."

"मला वाटलं हिरवळ आहे..."

"तुम्ही बघायला गेला होता का परत?"

 तो नळ सोडून तसाच उभा राहिला. मग त्याने माझ्या दोन्ही कडा घट्ट धरल्या आणि मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. त्याच्या डोळ्यांतून काय पडले ते माझ्यातच पडले, दुसऱ्या कुणी पाहिले नाही. मला दुरुस्त केले आणि माझ्यात रडला, म्हणून मी विरघळेन असे त्याला वाटले असेल तर वाटो. विरघळायला मी काही साबण नाही.

त्याने आता नेम केला आहे, हे मात्र मला सांगितलेच पाहिजे. पिंजऱ्याकडे जाण्याआधी माझ्याकडे, पिंजऱ्याकडून परतताना माझ्याकडे. काळे असोत की गोरे, हात तेवढेच घासतो. गठ्ठू पिंजऱ्याजवळ असेल तर मोठे कुणीतरी त्याच्या शेजारी बसते. ट्रे बाहेर धुतला जातो, वेगळ्या ब्रशने, आणि तो ब्रश स्वयंपाकघराची पायरी ओलांडत नाही. झाडू हळूहळू खायला लागला. टिल्ली वडिलांशी बोलायला लागली, पण जपून, जसे दुखऱ्या पायावर माणूस वजन टाकतो तसे. आरामखुर्चीत तो अजून बसतो. झाडूला छातीवर घेत नाही. झाडू त्याच्या हातात आला की अंग आक्रसून घेतो. प्राण्याला माफी वगैरे कळत नाही, आणि ते बरेच आहे.

परवा आत्या आली होती. जाताना ती पिंजऱ्यात हात घालून झाडूच्या डोक्यावरून बोट फिरवून म्हणाली, "शहाणा आहे हो," आणि गठ्ठूला उचलायला वळली. टिल्ली मध्ये येऊन उभी राहिली.

"आत्या, हात."

"अगं, नुसतं एक बोट लावलं."

"मग एक बोट धू. पण साबणाने, आणि बाकीची पण."

आत्याने भावाकडे बघितले. तिला वाटले तो मुलीला रागावेल. लिफ्टवाल्याने पुढे होऊन नळ सोडला, साबण तिच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाला, "धू, अक्का." आत्या धूत उभी राहिली. मी तिच्या बोटांच्या बेचक्यांतून पाणी घालवत होते आणि मनात म्हणत होते, हे त्या दिवशी का नाही? हे एवढेसे त्या दिवशी का नाही!

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे गिनीपिग असतील. त्यांचे मुके घ्यावेसे वाटतात, मला माहीत आहे. घेऊ नका. त्यांना मांडीवर घेऊन बिस्किटे खाऊ नका. तुम्हाला काही झाले तर ते त्यांनी मुद्दाम केलेले नसते, आणि तुमच्या हातांवरचे काही लागून त्यांना काही झाले तर ते तुम्हाला सांगूही शकत नाहीत. ते धुऊ शकत नाहीत. तुम्ही धुऊ शकता. त्यांना मांडीवर घ्यायच्या आधी, आणि खाली ठेवल्याबरोबर. नंतर बघू, असे नाही. मऊ आवाजात हे सांगायची माझी तयारी नाही. मऊ आवाजात या घरातही पुष्कळदा सांगून झाले होते.

आत्ता हे ऐकताना ज्याच्या मांडीवर एखादा गिनीपिग बसला असेल, त्याने त्याला पोटाखाली आधार देऊन उचलावे, नीट पिंजऱ्यात ठेवावे आणि कडी लावावी. मग कुणाला हात न लावता, डोळे न चोळता, सरळ नळाशी जावे. बेसिनात पोते असेल तर ते फेकून द्यावे. नळ बिघडलेला असेल तर रविवारची वाट बघू नये. माझे बोलून झाले. आता बसून काय राहिलात? उठा!